संशोधकाचा दिवा आणि सरकारची तिजोरी

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न विधान परिषदेत निघाला. लाभार्थींची संख्या २०० वर बांधून टाकल्यामुळे शेकडो संशोधक विद्यार्थी वाऱ्यावर सोडले गेले होते. त्या वेळी उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री असलेल्या अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा सवाल केला. त्यावर गदारोळ झाला आणि नेहमीप्रमाणे तो विरलाही. सवाल मात्र उरलाच. तो एकट्या मंत्र्याचा नाही. सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांतही तो विचारला जातो, आणि विषय समाजशास्त्र किंवा संज्ञापन असला की जरा अधिकच तुच्छतेने विचारला जातो. म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि सोलापूर जिल्ह्यातून पोट भरण्यासाठी तिकडे गेले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. या व देशातील अशाच इतर हत्यांनंतर कंपनीने उपाय योजला तो असा, की एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये. म्हणजे प्रश्न जणू बेरजेचा होता! परंतु अफवा ऐकताच संशयाची नजर भटक्यांकडेच का वळली? १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींच्या कपाळी मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या मनात कसा टिकला? ज्या वस्तीचा पोलिसांवर विश्वास नाही, तिचा हातातल्या यंत्रावर इतका विश्वास कसा बसतो? या प्रश्नांची उत्तरे पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यात सापडत नाहीत आणि कंपनीच्या संगणकातही सापडत नाहीत. तेथील बोली जाणणारा, वस्तीत महिनोन्‌महिने राहणारा, लोकांचा विश्वास मिळविणारा संशोधकच ती शोधू शकतो. हाच तो दिवा, आणि त्याला तेल लागते.

असे दिवे या भूमीत लागलेले आहेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत आहे, हा त्याचा सिद्धान्त आजही कोणत्याही समाजशास्त्रज्ञाला टाळता येत नाही. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवाचून ते तेथे पोहोचते ना. हा मुलगा काय दिवे लावणार, असे सयाजीरावांच्या खजिनदाराने विचारले असते, तर देशाचे किती नुकसान झाले असते याचा हिशेब अर्थखात्याने एकदा मांडून पाहावा.

दुसरे उदाहरण पुण्याच्या आसपासचे आहे. १९५६ मध्ये आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. कार्यक्रम ऐकायचा, मग एकत्र बसून त्यावर चर्चा करायची, अशी ती योजना होती. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांच्या मार्गदर्शनाखाली टाटा समाजविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे ती जेमतेमच वाढली होती. अर्थ उघड आहे. माणसे केवळ यंत्रामुळे शहाणी होत नाहीत, परस्परांशी बोलल्याने होतात. पुढे हा प्रयोग देशभर नेण्यात आला. जाहिरातींवर आणि मोबाइलवरील संदेशांवर कोटी कोटी उधळून त्यालाच लोकशिक्षण म्हणणाऱ्या आजच्या सरकारांनी हा निष्कर्ष वाचला तरी आहे काय?

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर समाजाविषयीचे ज्ञान ही सार्वजनिक संपत्ती आहे. बाजार ती निर्माण करीत नाही, असे मात्र नव्हे. बाजार ती निर्माण करतो आणि कुलपात ठेवतो. आज या देशातील माणूस काय पाहतो, कशाला घाबरतो, कोणाचा द्वेष करतो, हे मूठभर कंपन्यांना त्याच्या शेजाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. ते ज्ञान माल विकण्यासाठी वापरले जाते, आणि मते वळविण्यासाठीही त्याचा वापर होऊ शकतो, हे २०१८ च्या केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणाने जगाला दाखविले. विद्यापीठातील प्रबंधाचे तसे नाही. तो कोणीही उघडून वाचावा, खोडून काढावा. विद्यापीठाने हे काम सोडले, तर जनतेविषयीचे ज्ञान मालकांकडे राहील आणि जनता केवळ मोजली जाईल.

आणि तेल कसे मिळते, हेही पाहा. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती न मिळालेल्या केंद्रीय विद्यापीठातील संशोधकासाठी दरमहा ८,००० ची तरतूद आहे. राज्य विद्यापीठांना त्या योजनेत स्थान नाही. नेटची समाजशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजीत आणि हिंदीत असते. नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयात मराठीतून शिकलेली मुलगी पहिल्याच पायरीवर अडते. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. त्याच वर्षीच्या नियमांनी एम.फिल.ही मोडीत काढली. संशोधनाची पहिली ओळख करून देणारी, थोड्या काळात पुरी होणारी ती पायरी ज्यांच्या घरी कोणी शिकलेले नाही त्यांनाच अधिक उपयोगी होती.

प्रबंधांच्या नावाखाली बराच कचरा जमा होतो, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. तो खराच आहे. उसनवारीचे प्रबंध, मार्गदर्शकाच्या घरची कामे करून मिळविलेल्या सह्या, पैसे भरून छापलेले शोधनिबंध हे सारे या क्षेत्रात आहे. परंतु हा रोग कोणी लावला? पदवीला नोकरीचा परवाना बनविणाऱ्यांनी. २०१८ च्या नियमांनी विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य ठरविली, २०२३ मध्ये तोच आयोग ती ऐच्छिक असल्याचे सांगू लागला. या धरसोडीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यांना त्याच सरकारांनी निरुपयोगी म्हणावे, याला निर्लज्जपणाखेरीज दुसरा शब्द नाही. वाईट प्रबंध थांबवायचे असतील, तर परीक्षण कठोर करा, मार्गदर्शकांच्या रिक्त जागा भरा. गरिबाची अधिछात्रवृत्ती तोडून चांगले प्रबंध निर्माण होत नाहीत. उपाशी राहण्याची ज्यांना गरज नाही, अशांचेच प्रबंध तेवढे उरतात.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. नोंदणी झालेल्या प्रत्येक गरजू संशोधकास, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, निर्वाहापुरती अधिछात्रवृत्ती दरमहा, वेळेवर मिळावी. नेटची परीक्षा मराठीसह सर्व भारतीय भाषांतून व्हावी. आणि संशोधकानेही एक बंधन मानावे: ज्या गावाने आपली कहाणी सांगितली, त्या गावाला निष्कर्ष त्याच्या भाषेत परत सांगितल्यावाचून प्रबंध पुरा झाला असे समजू नये. या मागण्यांना पैसा नाही, असे सांगणाऱ्या सरकारला त्याच्या स्वतःच्या जाहिरातींचा वार्षिक खर्च विचारावा, आणि त्या खर्चातून कोणते दिवे लागले, हेही विचारावे.