पगाराचा आकडा आणि नफ्याचा उगम

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगाराला, मालकाचा नफा कोठून येतो हे कोणी शिकवावे लागत नाही. कच्चा माल फाटकातून आत येताना आणि पक्का माल ट्रकमधून बाहेर जाताना तो रोज पाहतो. त्याचाच मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन, ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या संगणक-कंपनीत जाऊ लागतो, तेव्हा ती कंपनी नेमके काय विकते, हा प्रश्न घरात सहसा कोणी विचारीत नाही. विचारला जातो तो ‘पॅकेज’चा आकडा.

वास्तविक हा आकडा त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावरूनच ठरतो. १९६८ साली मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस असो, वा १९८१ साली पुण्यात अवघ्या दहा हजार रुपयांच्या भांडवलावर उभी राहिलेली इन्फोसिस असो, या कंपन्यांचा मुख्य व्यापार माणसांच्या श्रमाच्या तासांचा आहे. परदेशी ग्राहकाकडून डॉलरमध्ये दर घ्यावयाचा आणि येथे रुपयांत वेतन द्यावयाचे. या अंतरातून जागा, वरिष्ठांचे पगार आणि काम नसताना ‘बेंच’वर बसविलेल्यांचा खर्च वजा जाता उरतो तो नफा. २०२४-२५ या वर्षी टाटा कन्सल्टन्सीचे उत्पन्न सुमारे २ लाख ५५ हजार कोटी आणि निव्वळ नफा सुमारे ४८ हजार ५०० कोटी रुपये होता. म्हणजे रुपयामागे १९ पैसे. यात गैर काही नाही. या व्यापाराने मध्यमवर्गातील असंख्य कुटुंबांना स्वतःचे घर दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु हे अंतर टिकवावयाचे तर मनोऱ्याचा पाया रुंद आणि स्वस्त ठेवावा लागतो. म्हणूनच अशा मोठ्या कंपन्यांतून नवपदवीधराचे आरंभीचे वेतन गेली दहा-बारा वर्षे सालीना साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळले आहे. महाविद्यालयांचे शुल्क आणि बदलापुरातील घरांच्या किमती तशा रेंगाळल्या नाहीत. दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. पुरवठा अमाप वाढला की भाव बसतो, आणि हा पुरवठा आम्ही शिक्षकांनीच वाढविला आहे.

गूगलची गोष्ट निराळी. तिच्या मूळ कंपनीच्या २०२४ मधील सुमारे ३५० अब्ज डॉलर उत्पन्नापैकी तीन-चतुर्थांश जाहिरातींचे होते. तेथे एक ग्राहक वाढला म्हणून एक माणूस वाढवावा लागत नाही. त्यामुळे थोड्यांना पुष्कळ वेतन देणे तिला परवडते. त्या थोड्यांचे पगार दाखवून पुष्कळांना प्रवेश देण्याची चलाखी आपल्याकडील शिकवण्यांना चांगलीच साधली आहे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तासांचे कामच आक्रसू लागले आहे, आणि ग्राहक दर कमी करून मागतो आहे. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सीने सुमारे १२ हजार जणांना, मुख्यतः मधल्या व वरच्या पायरीवरील, कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने कारण कौशल्यांच्या विसंगतीचे सांगितले. ते मान्य केले तरी, पंधरा-वीस वर्षे एकाच साच्यात राबलेल्या माणसाने नवे कौशल्य कोणत्या वेळात आणि कोणाच्या खर्चाने मिळवावे, हा प्रश्न उरतोच.

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत नोकरी लागलेल्यांची संख्या ठळक अक्षरांत छापलेली असते. पाच वर्षांनंतर त्यांतील कितीजण त्या व्यवसायात आहेत आणि किती वेतनावर, ही संख्या मात्र सहसा आढळत नाही. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी पालकांनी ती प्राचार्यांकडे लेखी मागावी.