टोपलीखालची जागा

रस्ता चालण्यासाठी असतो, विकण्यासाठी नाही. बीडच्या सुभाष रोडवर हातगाड्या उचलायची भाषा सुरू झाली की हा युक्तिवाद पुढे येतो. त्यातला खरा भाग आधीच मान्य करते. काठी टेकत निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला दुचाक्यांच्या मधून वाट काढावी लागते, तेव्हा त्याचा हक्क बुडतो. पण त्याच्या वाटेत आडवं काय काय आहे, ते नीट बघा. उभ्या केलेल्या गाड्या आहेत, पुढे सरकलेल्या दुकानांच्या पायऱ्या आहेत, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू आहेत. असं असताना जप्ती मात्र कोथिंबिरीच्या टोपलीचीच का?

रस्ता फक्त चालण्यासाठी, हे कायद्यालाही मान्य नाही. सोदानसिंग खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पदपथावर धंदा करण्याचा हक्क मानला. अमुकच जागा कायमची मिळेल असं नाही आणि नियमन होईल, हेही त्याच निकालात आहे. पुढे 2014 चा पथविक्रेता कायदा आला. गर्दी होते एवढ्या कारणावरून एखादा भाग विक्रीला बंद करता येणार नाही, असं त्याची पहिली अनुसूची सांगते. घाणीचं कारणही तेव्हाच चालतं, जेव्हा ती घाण केवळ विक्रेत्यांमुळे होते आणि नगरपालिकेच्या उपायांनी हटत नाही. शिवाय सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही.

मग म्हणतात, मंडई बांधून देऊ, तिकडे जा. ऐकायला हे रास्त वाटतं. पण माळीवेशीतून घरी निघालेला माणूस वाटेत दिसली म्हणून मेथीची जुडी घेतो, त्या जुडीसाठी तो गावाबाहेरच्या ओट्यांपर्यंत जात नाही. बाजार पावलांच्या मागे येतो. म्हणूनच कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही संज्ञा आहे, आणि असा बाजार विक्रीबंद क्षेत्र ठरवायला मनाई आहे.

माझं म्हणणं मात्र बसू द्या एवढ्यावर थांबत नाही. जागा कशी असावी, हे ठरवण्यातही विक्रेत्याचा वाटा हवा. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया असाव्यात, असं कायदा म्हणतो. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे आहेत. 2011 च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या 1,46,709 होती, म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त माणसं. एवढ्यांची सावली, पाणी, संडास आणि चालणाऱ्यांसाठी मोकळी पट्टी हे सगळं एकाच नकाशात बसवायचं, तर त्या समितीत त्या बायांना बोलता आलं पाहिजे. दिवसभर पाणी न पिता बसण्याचा त्रास त्यांच्याइतका कुणाला माहीत?

पण या बायांपैकी सर्वेक्षणातून सगळ्यात आधी सुटते ती सीताफळवाली. बालाघाटच्या डोंगरातलं ते फळ, 2016 पासून बीडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिरवणारं. ती टोपली घेऊन येते ती हंगामापुरती. पुढे तिच्यासारख्या कितीतरी जणी मुकादमाची उचल घेऊन नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जातात. सर्वेक्षण जानेवारीत केलं तर ती फडात असेल, आणि कागदावर विक्रेती म्हणून तिचं नाव कुठेच नसेल. नोंद करणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधी, सकाळी यावं. ती तेव्हा तिथेच असते.