शीत परीषह मुनींचा, आपला नव्हे



मागच्या पौषात मला हृदयविकाराचा झटका आला, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. एक स्टेंट बसला, चार दिवस दवाखान्यात काढून घरी आले. आता त्यानंतरचा दुसरा हिवाळा चालू आहे. आज लिहायचंय ते घरातल्या उबेबद्दल. विषय साधा वाटेल, पण याच विषयावरून माझं आणि थोरल्या वन्संचं चांगलंच वाजलं होतं.

मी घरी आल्यावर त्या भेटायला आल्या. मी पलंगावर, पायात मोजे, डोक्याला रुमाल, अंगावर सोलापुरी चादर आणि वर वाकळ. वन्सं बघतच राहिल्या. म्हणाल्या, "वैनी, महाराज एवढ्या थंडीत उघड्या अंगानं फळीवर झोपतात. आणि तुला दोन-दोन पांघरुणं? इतकं देहाचं कौतुक बरं नाही."

त्या वाईट बुद्धीने बोलल्या नव्हत्या, पण ते मला लागलं. त्या रात्री मी वाकळ बाजूला काढून ठेवली आणि कुडकुडत पडून राहिले. सकाळी सूनबाईने पाहिलं आणि काही न बोलता वाकळ परत अंगावर घातली. वन्संना तेव्हा उत्तर देता आलं नाही, ते आज देते.

आधी झटक्याच्या दिवसाचं सांगते. आमच्याकडे चौका होता. पहाटे साडेचारला उठून परसातल्या न्हाणीत गार पाण्याने आंघोळ केली. सोवळ्याचं पातळ नीट वाळलं नव्हतं, तसंच नेसले. आठच्या सुमाराला दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत दुखायला लागलं, जबडा जड झाला, मळमळलं. छातीत कळ आली नाही म्हणून पित्त समजले. आहार निर्विघ्न झाला आणि साडेदहाला मी ओट्याला धरून खाली बसले. अडीच तास वाया घालवले. बायकांमध्ये झटक्याची लक्षणं पुष्कळदा अशी आडवळणाची असतात, हे मला दवाखान्यात कळलं. तुम्ही आधीच लक्षात ठेवा आणि असं काही झालं तर पित्ताची गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

थंडीनेच झटका आला असं मी म्हणत नाही. रक्तदाब होता, घराण्यात हृदयविकार आहे. पण डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते पटलं. गारठा लागला की शरीर आतली उष्णता वाचवायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला तेवढंच रक्त जास्त जोर लावून ढकलावं लागतं. थंडीत रक्त गोठण्याची प्रवृत्तीही वाढते. धडधाकट माणसाला हे पेलतं. ज्याच्या हृदयाचा एखादा भाग नुकताच दुखावला आहे, त्याला हा जादा बोजा कशाला? शिवाय ठोके आवरणाऱ्या ज्या गोळ्या झटक्यानंतर बहुतेकांना देतात, त्यांनी हातपाय गार पडू शकतात. म्हणजे मला थंडी जास्त वाजत होती, ते लाड नव्हते.

आपल्याकडे कुठली आलीय थंडी, असंही कुणी म्हणेल. आमच्या सांगली भागात काही काश्मीरसारखं बर्फ पडत नाही. पण मी वाणिज्य शाखेची, आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. भिंतीवर लावायचं साधं तापमापक आणलं आणि आठवडाभर वहीत मांडलं. झोपायच्या खोलीत पहाटे १९-२० अंश. परसातल्या पत्र्याच्या न्हाणीत १४-१५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश राखायला सांगितलं आहे. म्हणजे आमची खोली पास आणि न्हाणी नापास! आपल्याकडची थंडी अशी ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी गाठते: पहाटेची न्हाणी, ओलं अंग, ओलं पातळ, शहाबादी फरशीवर अनवाणी पाय. तिथे बंदोबस्त केला की बाकी घर तापवायची गरज नाही.

मी काय केलं ते सांगते. आंघोळ ऊन वर आल्यावर, साडेआठनंतर. पाणी कोमट. फार कढतही नको, कारण त्याने रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चक्कर येऊ शकते. अंग न्हाणीतच कोरडं करायचं, कोरडे कपडे घालायचे आणि मग बाहेर यायचं. कपडे एक जाड घालण्यापेक्षा पातळ दोन-तीन. माझ्याकडे रेशीम नाही, चौक्यात लोकर चालत नाही, म्हणून सुती पोलकं, त्यावर सुती बंडी, त्यावर पदर. कापडांच्या मधली हवाच ऊब धरते. कान आणि पाय झाकलेले. पलंगाखाली सतरंजी, म्हणजे उठल्यावर पाय गार फरशीवर पडत नाही. थर्मासमध्ये उकळलेलं पाणी आपल्या घरात असतंच, तेच सूर्यास्तापर्यंत घोट घोट.

फिरायचं होतंच, पण पहाटे नाही. पहिले काही दिवस सोप्यातच फेऱ्या, मग नऊच्या उन्हात अंगणात.

दोन गोष्टींचा इशारा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. आमच्या शेजारच्या काकू मायेने घेऊन आल्या होत्या, मी हात जोडून परत पाठवली. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. हृदय आधीच दमलेलं, त्यात हे. बंद न्हाणीतल्या गॅस गिझरचंही तेच, वारा खेळता हवा. दुसरं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळूनच पायाशी ठेवा. मधुमेह असेल तर पायाला चटका कळतही नाही. आणि ऊब येते म्हणून घरोघरून तुपातले डिंकाचे लाडू येतील. ते नातवंडांना द्या.

खर्चाचं म्हणाल तर दोन हजार वॅटचा गिझर पंधरा मिनिटं चालला की अर्धं युनिट. महिन्याला पंधरा युनिटं. तुमच्या बिलावरचा दर बघा आणि गुणा. दवाखान्याच्या बिलात किती वर्षांचं गरम पाणी आलं असतं, हे मी मांडायला घेतलं आणि वही मिटून टाकली. आणि गंमत बघा, चाळीस वर्षं पहाटे बंब पेटवून ह्यांना आणि मुलांना ऊन पाणी मी काढून दिलं. स्वतः मात्र गार पाण्याने उरकलं, कारण पाणी तापेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. तेव्हा मी त्याला तप म्हणत होते. आता वाटतं, ती नुसती घाई होती.

आता वन्संचं उत्तर. दशलक्षण पर्वात आपण दर वर्षी तत्त्वार्थसूत्र ऐकतो, रोज एक अध्याय. नवव्या दिवशी बावीस परीषह येतात. क्षुधा, तृषा, आणि तिसरा शीत. ते परीषह मुनींनी समभावाने सहन करायचे आहेत. त्यांनी घर सोडलं, वस्त्र सोडलं, त्यामागे वर्षांची साधना आहे. मी घर सोडलेलं नाही. मी अणुव्रतं पाळणारी श्राविका आहे, आणि मुनींच्या एकाच परीषहाची नक्कल करून मुनी होता येत नाही. कुडकुडत पडले होते त्या रात्री माझ्या मनात समभाव नव्हता. वन्संवरचा राग होता आणि मरणाची भीती होती. त्याला आर्तध्यान म्हणतात, त्यातून निर्जरा कुठली?

सहाव्या दिवशीचं आपण विसरतो. तिथे सोळा भावना सांगितल्यात, त्यातली एक शक्तितस्तप. तप सांगितलंय, पण शक्तीप्रमाणे. आणि त्याच यादीत वैयावृत्त्यही आहे. सूनबाईने काही न बोलता वाकळ घातली, ते वैयावृत्त्यच होतं. मी ती काढून फेकली असती तर तिच्याही पुण्याच्या आड आले असते.

नियम सोडा असं मी म्हणत नाही. रात्रीभोजनत्याग माझा आजही आहे. डॉक्टरांना सूर्यास्ताची वेळ सांगितली, त्यांनी गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे लावून दिल्या. पण त्यांना न विचारता, पाणी चालत नाही म्हणून संध्याकाळची गोळीच चुकवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. स्वतःचा जीवही जीवच आहे, त्याची हिंसा वेगळी धरायची का?

आपल्या मंदिराच्या पंचांकडे दोन मागण्या कराव्यात असं मला वाटतं. थंडीचे दोन-तीन महिने दारापासून गाभाऱ्यापर्यंत संगमरवरावर काथ्याची पट्टी अंथरावी. आणि संघ गावात असेल तेव्हा चौका करणाऱ्या बायकांना कोमट पाण्याची आंघोळ आणि पूर्ण वाळलेलं पातळ, एवढं तरी ठरवूनच ठेवावं. चौका करणाऱ्या आपण बहुतेक पन्नाशी-साठीच्या. कुणाला काय दुखतंय, ते कुणी सांगत नाही.

या पौषात परत संघ आला. मी चौक्यात उभी राहिले नाही. बाहेर उन्हात पाटावर बसून तांदूळ निवडून दिले, अंगात तीन सुती कपडे आणि पायात मोजे. वन्सं आल्या, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. जाताना मात्र विचारून गेल्या, "वैनी, ते तापमापक कुठं मिळालं?"

जय जिनेंद्र.