मोरीत पडली म्हणते

काही महिन्यांपूर्वी आईला शुगरसाठी दाखवायला घेऊन गेलो होतो. सोलापूरच्या पूर्वभागातला जुना दवाखाना. डॉक्टर चांगले, गर्दी भरपूर, त्यामुळे पुढच्या पेशंटला आतच बाकावर बसवायची पद्धत. आमच्या आधी एक बाई होती, डावा हात पदरात गुंडाळलेला. बरोबर नवरा. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" बाई खाली बघून म्हणाली, "नेनु पडलेदु." नवऱ्याने लगेच मराठी करून टाकलं, "मोरीत पडली म्हणते."

पूर्वभागात वाढलेल्याला एवढं तेलुगू कळतंच. ती म्हणाली होती, मी पडले नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे लिहून दिला, "जपून चालत जा" म्हणाले. त्यांना तेलुगू येत नाही. मला येतं, आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

नंतर यावर थोडं वाचलं. पडताना माणूस तळहात टेकतो, मग बहुधा मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. मार चुकवायला हात आडवा धरला, तर कोपर आणि मनगटाच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं. शिवाय जुन्या-नव्या जखमा एकाच अंगावर, दुखणं अंगावर काढून उशिरा येणं, सांगितलेली हकीकत आणि जखम न जुळणं.. यातल्या एकेका गोष्टीने काहीच सिद्ध होत नाही. पण एक प्रश्न विचारायला तेवढं पुरे. फक्त तो विचारताना नवरा बाहेर हवा. (आणि बाकावरचे आम्हीसुद्धा!)

आमच्या नात्यातल्या एका डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, शंभर पेशंट असतात. पोलिसांचं लचांड कोण मागे लावून घेणार?" त्यांची अडचण खोटी नाही. पण मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 2000-01 मध्ये 'दिलासा' केंद्र काढलं ते हीच अडचण ओळखून. रुग्णालयातल्याच डॉक्टर-नर्सना शिकवलं. त्यांनी शंका आली तर विचारायचं आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पाठवायचं. बाईलाही घरी सांगायला सोपं, दवाखान्यात गेले होते. पुढे मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली.

गंभीर जखमेत पोलिसांना कळवणं वेगळं. पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तेव्हा "तक्रार करायची का?" हा पहिला प्रश्न नकोच. "घरी कोणी मारतं का?" एवढं विचारावं, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहावं, संरक्षण अधिकारी असतो हे तिला सांगावं. नाही बोलली तर जबरदस्ती नाही, पुढच्या वेळी बोलेल.

आणि भाषेचं म्हणाल, तर पडद्यापलीकडे इंजेक्शन देणारी सिस्टर तेलुगूच होती. हाक मारायचा अवकाश होता.

असो. मग आईचा नंबर आला. "जेवण वेळेवर होतं का? झोप लागते का?" डॉक्टरांनी आईला विचारलं. दोन्ही उत्तरं मीच दिली.