गोचिडीचा ताप: पुराव्याची वाट किती पाहावी?

१/ अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांवर चादरी, टॉवेल विणले जातात. येथे ताप अंगावर काढणे नवे नाही. खाडा झाला की मजुरी बुडते. परंतु गोचिडीतून येणारा रिकेट्सियाचा ताप अंगावर काढण्याजोगा नाही. त्यामागचा इतिहास पाहू.

२/ अमेरिकेतील ‘रॉकी माउंटन’ ठिपक्यांचा ताप गोचिडीमुळे पसरतो, हे हॉवर्ड रिकेट्स यांनी १९०६ साली प्रयोगाने दाखवले. १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर संशोधन करताना त्याच रोगाने त्यांचा बळी घेतला. या जंतूंना पुढे त्यांचेच नाव मिळाले.

३/ भारतात मेगॉ या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी १९२१ साली गोचिडीतून पसरत असावा अशा टायफससदृश तापाविषयी लिहिले. सोलापूरही यापासून दूर नाही: २०११ साली येथून बालकांतील रिकेट्सियाच्या तापावर वैद्यकीय लेखन प्रसिद्ध झाले आहे.

४/ १९४८ साली लेडर्ली प्रयोगशाळेतून ऑरिओमायसिन जगापुढे आले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच टेट्रासायक्लिन कुळातील डॉक्सिसायक्लिन आज या तापावरचे मुख्य आणि स्वस्त औषध आहे.

५/ मग माणसे का दगावतात? आरंभी हा ताप डेंग्यू-मलेरियासारखाच भासतो. तळहात-तळपायांवरचे पुरळ काही दिवसांनी उमटते, कधी उमटतही नाही. रक्तातील प्रतिपिंडे बहुधा पहिल्या आठवड्यानंतरच चाचणीत दिसतात. तोवर जंतू रक्तवाहिन्यांचे अस्तर पोखरत असतात. पेनिसिलिनसारखी औषधे येथे निरुपयोगी ठरतात. पहिल्या पाच दिवसांत योग्य औषध मिळणे म्हणूनच निर्णायक.

६/ प्रतिजैविकांचा अतिवापर वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ताप, तीव्र डोकेदुखी, पुरळ आणि गोचिडींचा संपर्क एकत्र दिसत असताना अहवालासाठी थांबणे हा विवेक नव्हे. इतिहासकार कागदाची वाट वर्षानुवर्षे पाहू शकतो. रुग्णाजवळ तेवढा अवधी नसतो. संशय बळावताच डॉक्टरांनी उपचार सुरू करावेत, चाचणी मागाहून येऊ द्यावी. लहान मुलांनाही हे औषध अल्प मुदतीसाठी देता येते.

७/ कुत्र्यांच्या अंगावरची तपकिरी गोचीड हा रोग पसरवू शकते आणि भटकी कुत्री कारखान्यांच्या फाटकांशीच वावरतात. म्हणून कामगाराने ‘गोचीड चावली होती’ किंवा ‘कुत्र्यांजवळ वावर असतो’ हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. डॉक्टरांनीही ते आवर्जून विचारावे. आणि मालकांनी तापाच्या पहिल्या दिवसाची मजुरी कापू नये. औषध शोधून पाऊण शतक लोटले. ते वेळेत पोहोचवणे आपल्या हाती आहे.