तेल शेवटचे नव्हे, आजारपणाचे

कॅथलिक घरात कोणी अत्यवस्थ झाले की फादरांना निरोप जातो. फादर येतात, प्रार्थना म्हणतात आणि रुग्णाच्या कपाळाला व हातांना आशीर्वादित तेल लावतात. हाच रुग्णांचा तैलाभ्यंग. आपल्याकडे ख्रिस्ती वस्ती थोडी. त्यामुळे पुष्कळ वाचकांनी हा विधी सिनेमातच पाहिला असेल, आणि तिथे फादर आले की पुढच्या दृश्यात माणूस गेलेला असतो!

हा समज एकट्या सिनेमावाल्यांचा नाही. कित्येक शतके हा संस्कार मरणाच्या दारातल्या माणसासाठीच राखून ठेवला गेला आणि त्याला 'अंतिम अभ्यंग' म्हणू लागले. वास्तविक त्याचा आधार बायबलातील याकोबाच्या पत्रात आहे आणि तिथे उल्लेख आजारी माणसाचा आहे, मरणोन्मुख माणसाचा नाही. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने हे स्पष्ट केले आणि १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी विधीची नवी रचना लावून दिली. तेल बहुधा ऑलिव्हचे असते. ते न मिळाल्यास दुसरे वनस्पती तेल चालते. गंभीर दुखणे असलेला, मोठ्या शस्त्रक्रियेला निघालेला, म्हातारपणाने खंगलेला अशा कोणालाही हा संस्कार घेता येतो. दुखणे बळावले तर पुन्हाही घेता येतो.

तरीही घरचे लोक फादरांना बोलवायला कचरतात. "त्यांना पाहून पेशंट घाबरेल," हे कारण ठरलेले. शेवटी बोलावतात तेव्हा रुग्णाची शुद्ध हरपलेली असते. त्याला काही बोलायचे असेल, कोणाची क्षमा मागायची असेल, तर ती वेळ निघून गेलेली असते.

आपण तरी काय वेगळे करतो? तिरोडा तालुक्यातले चोरखमारा घ्या, नाहीतर दुसरे कोणतेही गाव. मोठ्या दवाखान्यातून "घरी न्या" असे सांगितले की मग सगळे सोयरे गोळा होतात. सहा महिने म्हातारा बाजेवर पडून होता, तेव्हा त्याच्याजवळ घटकाभर बसायला कोणाला सवड नव्हती. आता मात्र तोंडात गंगाजळ घालायला रांग लागते. श्रद्धेबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, चमचाभर पाणीही श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरू शकतो. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ भिजवावेत.

हीच गत मॉर्फिनची. कॅन्सरच्या असह्य वेदनांवर हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली उत्तम काम करते, पण त्याचे नाव काढले की नातेवाईक म्हणतात, "म्हणजे आता संपलेच का?" आणि रुग्ण कण्हत राहतो. मुंबईला वांद्रे येथे १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांसाठी देशातली ही पहिली संस्था. जातधर्म न पाहता, पैसे न घेता तिथे वेदना कमी करण्याचे काम झाले. वेदना हा स्वतंत्र उपचाराचा विषय आहे, ही गोष्ट आपल्याकडे अजून नीट रुजलेली नाही.

तेलाने रोग जातो का, असे कोणी मला विचारील. डॉक्टर म्हणून मी 'हो' म्हणणार नाही, आणि औषध बंद करा असे चर्चही सांगत नाही. चर्चची स्वतःचीच किती रुग्णालये आहेत! पण महिनोन्‌महिने अंथरुणावर असलेल्या माणसाला सुई टोचण्यापलीकडे कोणी हात लावत नाही. त्याच्या कपाळावर कोणी हात ठेवतो, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करतो, तेव्हा त्याची भीती थोडी उतरते. मात्र त्यासाठी तो शुद्धीवर हवा. म्हणून ख्रिस्ती कुटुंबांना माझे सांगणे आहे की ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच आठवड्यात फादरांना कळवा, आणि ते कशासाठी येत आहेत हे रुग्णाला आधी मोकळेपणाने सांगा. अतिदक्षता विभागात असाल तर सिस्टरना आगाऊ विचारून ठेवा. आत जाणाऱ्या प्रत्येकाने, फादरांनीसुद्धा, साबणाने हात धुवावेत. आणि विधी चालू आहे म्हणून औषधाची वेळ चुकवू नये.