पाठवणारे आणि पाठवले जाणारे

उटनूरच्या बाजारात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू, लंबाडी आणि उर्दू एकाच वेळी कानावर पडतात. प्रधान समाजाची माणसे घरात मराठी बोलतात आणि किकरी हे वाद्य हातात घेतले की राजगोंडांच्या कुळकथा गोंडीत गातात. आदिलाबादच्या या मुलखात सुवार्तेचे काम करणाऱ्या संस्था मात्र बाहेरून आल्या. १९६२ मध्ये चांद्याचे मिशनक्षेत्र केरळच्या सी.एम.आय. या कॅथलिक संघाकडे आले. त्यातूनच १९९९ मध्ये आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा झाला आणि त्याचे पहिले दोन्ही बिशप केरळचेच होते. मेदकच्या प्रोटेस्टंट धर्मप्रांताच्या कामाची मुळे इंग्लिश मेथडिस्टांची आहेत. या मंडळींनी शाळा आणि दवाखाने उभे केले, रानातले हाल सोसले. त्यांचे ऋण आम्ही मनापासून मानतो.

तरीही प्रश्न विचारायलाच हवा : गोंड, कोलाम, प्रधान, आंध तरुण या कामात कुठे दिसतात? गाडीपुढे वाट दाखवायला, फादरांचे बोलणे गोंडीत सांगायला आणि सभेला माणसे बोलवायला ते असतात. नेमणुका, पैसा आणि शिक्षणक्रम ठरवणाऱ्या समितीत त्यांची खुर्ची क्वचितच असते. हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. ज्याला पाड्यावरच्या पाटलाचे, देवारीचे (पुजाऱ्याचे) आणि सोयरिकीचे नाते जन्मापासून कळते, तो जे ऐकतो ते बाहेरच्याला दहा वर्षांतही ऐकू येत नाही.

आदिलाबाद ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यात, दोर्नकलला, याचे उत्तर मिळाले होते. तमिळ घरातले व्ही. एस. अझरया १९१० मध्ये एडिंबरोच्या परिषदेत पाश्चात्त्य मिशनऱ्यांकडे बरोबरीची मैत्री मागून आले आणि १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. ते तेलुगू शिकले. पण त्यांचे खरे मोठेपण असे की, त्यांनी माला आणि मादिगा समाजांतल्या गावकऱ्यांना पाळकाची दीक्षा दिली. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी भजन आणि कीर्तन उपासनेत रुजवले, तेव्हा मराठी मंडळीला आपलाच सूर सापडला. कोलामांना तो हक्क नाकारायचा का?

आमची मागणी स्पष्ट आहे. आदिवासी उमेदवाराला प्रशिक्षणासाठी थेट परप्रांतातल्या सेमिनरीत धाडून त्याची भाषा विसरायला लावू नका. पहिली काही वर्षे त्याच्याच भाषेत, उटनूर किंवा आसिफाबादजवळ शिकवा. मानधन बाहेरच्या सहकाऱ्याइतकेच द्या. कुळाचे नाव टाकण्याची अट कुणावरही घालू नका. आणि त्याला घराजवळच अडकवूनही ठेवू नका. पैनगंगेपलीकडे यवतमाळच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) आदिलाबादचा कोलाम कार्यकर्ता का जाऊ नये? गोंड सिस्टर नागपूरच्या रुग्णालयात, प्रधान पाळक पुण्याच्या मंडळीत का नको? पुढच्या नेमणुका करताना धर्मप्रांतांच्या आणि मिशन मंडळांच्या प्रमुखांनी अशा आदिवासी उमेदवारांच्या नावांपासून सुरुवात करावी.